धाकट्या खारीचा चार्ज

मिरजेला नर्सिंग शिकलेल्या शामलाला कुवेतला येऊन सहा वर्षं झाली होती. मुलांच्या वॉर्डात तिची ड्यूटी असे. चार्ज देताना ती काही विसरत नाही, असं तिच्याबद्दल सगळे म्हणत. ड्यूटी संपली की प्रत्येक खाटेपाशी उभं राहून पुढच्या नर्सला ती सांगे, कोणाला ताप आहे, कोण किती दूध प्यायलं, कोणाला जुलाब. अर्ध्या जिन्यातून ती परत फिरली आहे, असं कधी झालं नव्हतं.

१९७८ च्या ऑक्टोबरात, कुवेतच्या खैतान भागात तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे गफूरभाई टोपीत खारीची दोन पिल्लं घेऊन वर आले. माणूस रत्नागिरीकडचा, सुलैबियाच्या एका गोदामात कामाला. मुंबईहून जहाजानं आलेल्या काथ्याच्या गासडीत घरटं निघालं होतं आणि उतरवताना आई गासडीखाली चिरडली गेली. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते.

शामलानं ड्रॉपरनं पावडरचं दूध पाजून ती जगवली. थोरली आणि धाकटी अशी नावंही आपोआप पडली. ती ड्यूटीवर गेली की गफूरभाईंची बायको झुलेखा त्यांना सांभाळी. शामला दारात उभी राहून तिला वॉर्डासारखाच चार्ज देई. चार मुलं वाढवलेली झुलेखा हसून ऐके.

डिसेंबरात खारी चांगल्या धावू लागल्या. गफूरभाईंच्या कफीलच्या, म्हणजे कुवेती मालकाच्या शेतावर बोरीची झाडं होती, तिथं त्यांना सोडावं असं गफूरभाईंचं म्हणणं. शामलानं साफ नकार दिला. हीटरच्या उबेत वाढलेली पिल्लं इथल्या थंडीत एक रात्र काढणार नाहीत, मार्चपर्यंत थांबायचं.

पिल्लं थांबली, आणि तिथंच शामलाच्या जिवाला लागलं. खारी तिच्या हातून खात, पण झोपायला झुलेखाच्या बाहीत शिरत. शामला कोपरापर्यंत हात धुऊन त्यांना उचले. तिच्या हातांना इस्पितळाचा वास येई आणि धाकटी नाक मुरडून मागे सरे. झुलेखाच्या हातांना कांद्याचा, मासळीचा वास. तो मात्र चाले. डोळे मिटलेले होते तेव्हा रात्रीचा दिवस कोणी केला, असं शामलाच्या ओठांवर येई आणि ती ते गिळी. नवरा रविकांत म्हणाला, "खारीवरून सवतीमत्सर मी पहिल्यांदाच बघतोय." त्या दिवशी त्याला कालची आमटी मिळाली.

जानेवारीतल्या एका सकाळी धाकटीला जुलाब झालेले शामलानं पाहिले. दिवसभर नुसती पेज द्यायची, बदाम अजिबात नाही, हे सांगायचं ठरवूनच ती खाली गेली. दार उघडताच धाकटीनं तिच्या खांद्यावरून झुलेखाच्या खांद्यावर उडी घेतली.

"बघा," झुलेखा हसली, "आली माहेरी."

शामलानं थोरलीचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, हीटरचं सांगितलं. जुलाबांचं सांगितलं नाही. जिन्यात ती क्षणभर थांबली. परत फिरली नाही.

संध्याकाळी आली तेव्हा धाकटी गार पडून गोळा झाली होती. झुलेखानं लाडानं भिजवलेले बदाम भरवले होते. शामलानं मीठसाखरेचं पाणी थेंबथेंब पाजलं. तिसऱ्या दिवशी धाकटीनं मान उचलली. पण झुलेखानं हाय खाल्ली. माझ्या हातानं झालं, आता मला देऊ नका, म्हणाली. शामलानं रजा काढली. खारी आता तिच्या एकटीच्या होत्या. धाकटी मात्र पिंजऱ्यात दाराकडे तोंड करून बसे.

आठव्या दिवशी शामला खाली गेली. झुलेखा सुरमई साफ करत होती.

"भाभी, त्या सकाळी तिला जुलाब होत होते. मला माहीत होतं."

"सांगायला विसरलात?"

"नाही."

झुलेखाची सुरी थांबली. "माहेरी आली म्हटलं, ते लागलं?"

शामलानं मानेनंच हो म्हटलं.

"आठ दिवस मी बदामाला हात लावला नाही, सिस्टर," झुलेखा म्हणाली, आणि पुन्हा मासळीकडे वळली. शामला वर निघून आली.

दोन दिवस वर काही आलं नाही, ना कालवण, ना निरोप. तिसऱ्या दिवशी झुलेखा स्वतः आली. "द्या चार्ज," ती म्हणाली. "पहिल्यापासून. काय सोडू नका." शामलानं सगळं सांगितलं. त्याला पाऊण तास लागला.

मार्चच्या मध्यावर सगळे शेतावर गेले. बोरीच्या फांदीला पिंजरा टांगला. तो महिनाभर तिथंच, दार उघडं ठेवून राहणार होता. दार झुलेखानं उघडलं. थोरली आधी निघाली, मागून धाकटी. दोघी खोडावरून सरसर वर गेल्या आणि कुणाकडेही वळून पाहिलं नाही. झुलेखाकडेही नाही, हे शामलानं नीट बघून घेतलं. तिला बरं वाटलं. मग झुलेखानं बाही अजून उघडी धरलेली तिला दिसली, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

शेताचा राखणदार मजीद शेजारी उभा होता. शामलानं त्याला हिंदीत चार्ज दिला: पाणी कुठं, दाणे किती, मांजरावर लक्ष. सगळं झाल्यावर ती गाडीकडे निघाली, आणि अर्ध्या वाटेतून परत फिरली.

"एक बात रह गयी," झुलेखाकडे हात करत ती मजीदला म्हणाली. "छोटीवाली को ठंड लगे तो इनको बुलाना. वो इनकी आस्तीन में सोती है."