आधी जीभ दाखवा

“आधी जीभ दाखवा, मग बोला.” आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या काकांच्या दारात पाऊल टाकलं की हे पहिलं वाक्य. मानपाड्याच्या केमिकल कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते होमिओपॅथी शिकले आणि संध्याकाळी गॅलरीत बसून साबुदाण्याएवढ्या गोळ्या फुकट देऊ लागले.

गोळीला हात लावायचा नाही, झाकणातून थेट जिभेवर. त्याआधी प्रश्नांची सरबत्ती. “झोपताना पंखा लागतो? आंबट आवडतं? सासूचा राग येतो?” शेवटच्या प्रश्नाला माझ्या बायकोने इतकं मनापासून उत्तर दिलं की सर्दी बाजूलाच राहिली.

हल्ली कोणी काढे पितं, कोणी सुया टोचून घेतं. तुमच्या आसपासही असतीलच. तसा काकांच्या दाराबाहेरही चपलांचा ढीग वाढत गेला. पण माणूस सरळ. छातीत दुखतंय, वजन उतरतंय असं ऐकलं की झाकण लावून टाकत. “हे माझं काम नाही. दवाखान्यात जा.” कोणी आढेवेढे घेतले तर स्वतः सोबत जात.

मग त्यांनाच खोकला लागला. आवाज बसला, सदरा अंगावर लोंबू लागला. मी म्हणालो, “काका, एकदा तपासून घ्या ना.”

“अरे, माझ्याच गोळीने उतरतोय. मीच दवाखान्याच्या रांगेत दिसलो, तर माझ्याकडे कोण येईल?” हसले, आणि खोकत राहिले.

पुढे मी डोळे तपासायला ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो, तर बाकावर काका! मला पाहून दचकले. “एका पेशंटला घेऊन आलोय,” म्हणाले. मला खरंच वाटलं. त्यांची सवयच ती. “काका, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत,” असंही मी म्हणालो. डोळे तपासून बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता.

काका फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

भेटायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, “अरे, माझ्या रडण्याने एकदा गेले होते ते ठाण्याला. एकटेच. डोंबिवलीत कोणी बघेल म्हणून तिथे. पण नंबर यायच्या आधीच उठून आले. कोणीतरी ओळखीचं भेटलं म्हणे. कोण असेल रे?”

गॅलरीत बाटल्या ओळीने तशाच उभ्या होत्या. सांगायला हवं होतं, पण माझी जीभ रेटेना.