क्लॅरी टूमीची डावी पापणी

क्लॅरी टूमीची सगळी गुरं पांढऱ्या तोंडाची. अंग विटकरी आणि तोंड जणू दुधात बुडवून काढलेलं. ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग डाउन्सच्या उन्हात अशा तोंडांचे हाल होतात. गोऱ्या पापणीवर वर्षानुवर्षं ऊन पडतं आणि एक दिवस डोळ्याच्या कडेला गाठ धरते. कुठल्या गाईला ती धरू लागली आहे, हे क्लॅरीला फाटकातूनच कळे. वळू निवडतानाही तो आधी डोळे बघायचा. पापणीला तपकिरी कड हवी, काजळ घातल्यासारखी. तशा डोळ्याला ऊन कमी बाधतं.

खुद्द क्लॅरीचं तोंडही त्याच जातीचं: तांबूस केस, दुधी कातडी, वर ठिपकेच ठिपके. “लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, मुलगा कळपातलाच दिसतोय,” असं त्याची बायको ऊना चारचौघांत सांगायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा.

त्या वर्षी मात्र तो हसेनासा झाला. डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीला, नाकाच्या बाजूला, एक बारीक फोड आली होती. मोत्यासारखी चकचकीत. टॉवेल लागला की रक्त यायचं, खपली धरायची, ती पडली की फोड आपली तिथंच.

“कुंपणाची तार लागली,” तो म्हणाला.

“ईस्टरला लागली होती ती तार,” ऊना म्हणाली. “आता नाताळ आला. अजून लागतेच आहे?”

 दुसऱ्या दिवसापासून तो दाढी शेडमध्ये करायला लागला. शेडमध्ये आरसा नव्हता. हनुवटीवर राहून गेलेले खुंट बघून ऊनानं ओळखलं, हा बाबा स्वतःचंच तोंड चुकवतोय.

एका सकाळी तो एकेक गाय खोड्यात घेऊन तपासत होता. ऊनानं चहाचा थर्मास आणि भोपळ्याचे स्कोन-पाव कठड्यावर ठेवले.

“गाईला असं झालं असतं तर इतकं थांबला असतास?”

तो खोड्याच्या दांड्याशी चाळा करत राहिला. “डचेससाठी थांबलोच होतो ना.”

डचेस त्याची लाडकी गाय. आज बघू, उद्या बघू करताना गाठ तिच्या गळ्यापर्यंत गेली, आणि शेवटी त्यानंच तिला कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवलं. आता ऊनाला सगळं उमगलं. आपलंही तेच होणार, डोळा जाणार, मग गाडी चालवणं, मग गुरं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

“मग आता खोड्यात शिर, नाहीतर गाडीत बस,” ती म्हणाली. “दोन्हीतलं एक.”

तो गाडीत बसला.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर नूननबाईंनी दिव्याचं भिंग लावून फोड पाहिली. “मोत्यासारखी कड, वर फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या. हिचा चेहरा ओळखीचा आहे. पण तुकडा तपासल्याशिवाय मी नाव घेत नाही.” सुई टोचून जागा बधिर केली आणि कणभर तुकडा काढला. पुढच्या आठवड्यात नाव आलं: बेसल सेल कार्सिनोमा.

“म्हणजे गाईंचाच कॅन्सर,” क्लॅरी म्हणाला. “डोळा काढा, पण गुरं विकायला सांगू नका.”

“गाईंचा वेगळा, क्लॅरी. तो वरच्या थरातल्या पेशींचा, गळ्याच्या गाठींत उतरतो. तुमचा कातडीच्या तळातल्या पेशींचा. तिथं नव्या पेशी तयार होतात आणि पुरे झालं की काम थांबतं. उन्हानं तुमच्या काही पेशींचे ब्रेक निकामी केलेत. त्या वाढतच राहतात, पण सहसा जागा सोडून लांब जात नाहीत.”

“आळशी आहेत म्हणजे.”

“आळशी, पण खादाड. अशाच ठेवल्या तर डोळ्याच्या खोबणीत शिरतील. आज डोळा वाचतोय. तेव्हा ब्रिस्बेनच्या ऑपरेशनची तारीख मी ठरवणार, तुम्ही नाही.”

ब्रिस्बेनला सर्जन पातळ पापुद्रा काढायचे, त्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, आणि रोग उरला असेल तर तेवढ्याच जागेचा पुढचा पापुद्रा. मधल्या वेळात क्लॅरी बाहेर बसला. कुणाच्या नाकाला पट्टी, कुणाच्या कानाला. मेंढपाळ, कोळी, समुद्रकिनाऱ्यावर पोहायला शिकवणाऱ्या बाई. जो तो दुसऱ्याचं तोंड निरखत होता.

“गुरांच्या बाजारात आल्यासारखं वाटतंय,” तो ऊनाच्या कानात म्हणाला. कितीतरी महिन्यांनी तो हसला होता. दुसऱ्या पापुद्र्याच्या कडा स्वच्छ निघाल्या.

टाके काढून घरी आल्यावर क्लॅरी ओसरीत उभा राहिला. उजवा डोळा तळहातानं झाकला आणि लांब पाण्याच्या टाकीजवळच्या गुरांकडे टक लावली.

“ती शिंगवाली दिसते का तुला?” त्यानं ऊनाला विचारलं.

“दिसते. का?”

“ती नव्हे, तिच्या मागची. पापणीवर काहीतरी धरतंय. आजच आत घेतो.”

“आजच?” ऊना म्हणाली. एप्रनच्या खिशातून तिनं ऊन अडवणाऱ्या पांढऱ्या मलमाची नळी काढली आणि त्याच्या नाकावर, गालांवर, कानांवर जाडसर थर फासला.

“गुरं हसतील,” तो पुटपुटला.

“हसायची नाहीत. कळपातलाच आहेस.”