नोकरांच्या खोल्या

कृष्णवर्णीय पत्रकारांच्या विभागीय परिषदेसाठी मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सॅव्हाना शहरात गेलो, ते आमच्या संपादकबाईंबरोबर. मी उत्तरेकडच्या पार्सिपनी गावात वाढलेला मराठी माणूस. बाई साठीच्या, कृष्णवर्णीय. त्यांचे पूर्वज याच भागात गुलाम होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना एक जुनी हवेली दाखवायला नेलं. झुंबरं, जिने दाखवून झाल्यावर गाइड मागच्या अंगणात आला आणि हसत म्हणाला, "या नोकरांच्या खोल्या."

मी ते वहीत उतरवून घेतलं.

बाईंनी विचारलं, "त्यांना नोकरी सोडता यायची?"

"मॅडम, आपल्याला उशीर होतोय."

"मी काहीतरी विचारलंय."

त्या जागच्या हलल्या नाहीत. मग आम्हीही कुणी हललो नाही. शेवटी गाइड खाली बघत पुटपुटला, "नाही. ते गुलाम होते."

"मोठ्याने सांगा."

त्याने सांगितलं.

बसमध्ये बसलो तरी माझं डोकं तापलेलंच होतं. गाइडचा राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा. वीस वर्षं पत्रकारिता करून मी त्याचा शब्द निमूटपणे लिहून घेतला होता! बाईंना तसं सांगितलं.

"पाहिलं मी," एवढंच म्हणून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.