एका अंगणातले दोन अहो

आमच्या घरात यशवंत नावाचे दोघे होते. एक मी आणि दुसरा कोंबडा.

यात माझ्या मेव्हण्याचा काही दोष नव्हता. वैरागला त्याने कोंबड्याचं नाव ठेवलं तेव्हा माझी सोयरीक ठरायची होती. म्हणजे नावावर पहिला हक्क कोंबड्याचाच! लग्नानंतर त्याने चार कोंबड्या आणि हा तांबडा, तुरेबाज यशवंत असा सगळा संसार डालग्यात घालून बहिणीसाठी सोलापूरला आणला. निघताना म्हणाला, "दाजी, ह्यो जोंधळ्याला भुलत न्हाय. नावानं हाक मारली तरच खुराड्यात शिरतोय."

झाली का पंचाईत! दिवेलागणीच्या आत कोंबड्या कोंडल्या नाहीत तर मुंगूस टपलेलंच. कोंबड्या बिचाऱ्या गुणी. जोंधळे फेकून "ती-ती-ती" केलं की आत जायच्या. हा मात्र न्हाणीच्या छपरावर. मी गिरणीत कारकून, संध्याकाळचा भोंगा होऊन घरी यायला अंधार पडायचा. आणि बायको नवऱ्याचं नाव घेणार? लग्नात उखाण्यातसुद्धा तिनं ते अर्धं गिळलं होतं! शेवटी ती छपराखाली उभी राहिली, पदर सावरला आणि लाजत म्हणाली, "अहोऽऽ, या की आता आत!"

आणि हा खाली उतरला की हो!

त्या दिवसापासून कोंबड्याचं नाव 'अहो' पडलं. मी "आलो, आलो" करत चुलीपाशी जावं, तर तिथं हा आधीच दाणे टिपतोय. "तुमाला न्हाय, ह्यांना हाक मारली," बायको म्हणायची. (ह्यांना!) शेवटी मी 'अहो' ऐकून उठायचंच सोडून दिलं.

पण गल्लीत काय आमची एकटीच बायको होती? जी बाई "अहो" म्हणेल तिच्या दारात हा हजर! शेजारच्या मास्तरीणबाईंनी मास्तरांना जेवायला हाक मारली आणि ताट घेऊन वळल्या, तर पाटावर कोंबडा. मास्तर मागाहून आले आणि उभेच राहिले.

फक्त आमच्या घरमालकांचं दार सुरक्षित होतं. आमचं अंगण एकच. अप्पा कडक शाकाहारी, शिवाची पूजा केल्याशिवाय पाणीसुद्धा न घेणारे. खोली देतानाच त्यांनी बजावलं होतं, "कोंबड्या पाळा, पर माज्या सोप्यात एक पीस जरी दिसलं तर त्याच दिवशी खोली खाली!" त्यांच्या मंडळी गौरक्का अक्कलकोटकडच्या. त्या कानडीत नवऱ्याला "री" म्हणून हाक मारायच्या आणि 'री'कडे आमचा कोंबडा ढुंकूनही बघत नसे. आम्ही निर्धास्त होतो. खोली टिकायलाच हवी होती; एक कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती, बायकोचेही दिवस भरत आले होते. दोघींनाही जागेवरून हलवायची सोय नव्हती!

अशात अप्पांच्या शांताला बघायला बार्शीचे पाहुणे येणार म्हणून ठरलं. गौरक्का आदल्या दिवशी माझ्याकडे आल्या.

"यशवंतराव, पाव्हणे मराठी बोलतेत. त्यांच्यापुढं 'री' बरं दिसतंय का? तुमच्यात काय म्हणतेत?"

मी विद्वान! म्हणालो, "त्यात काय अवघड? जरा गोड ओढून म्हणायचं, अहोऽऽ."

"अहोऽऽ," गौरक्का म्हणाल्या.

"वा! अगदी आमच्या हिच्यासारखं!" मी म्हणालो आणि निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांशी मराठीत बोलायला अप्पांनी मलाच सोप्यात बसवलं. मुलाचे वडील फेटा काढून लोडाला टेकले. आई मुलीची वाट बघत होती. शेंगापोळीचा घमघमाट सुटला होता. इतक्यात आतल्या दारातून गौरक्कांचा आवाज आला, "अहोऽऽ, शांताला आणू का?"

मी अंगणाकडे बघितलं. तांबडा तुरा झपाझप येत होता.

कोंबडा उंबरठा ओलांडून सोप्यात आला, पाहुण्यांच्या पांढऱ्या धोतरावरून चालत गेला, फेट्यावर चढला आणि मान ताणून आरवला! शांता दारातच थिजली. अप्पांचा चेहरा पांढराफटक. "शिव शिव शिव!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं आणि मग माझ्याकडे बोट दाखवून, "खोली! खोली!" मुलाची आई डोळे विस्फारून बघत होती. एका मुलीचं लग्न आणि माझं बिऱ्हाड, दोन्ही त्या फेट्यावर उभं होतं.

तेवढ्यात अंगणातून बायको जीव खाऊन ओरडली, "अहोऽऽऽ!"

कोंबडा टुणकन उडी मारून बाहेर. त्याच्या मागोमाग मुलाचे वडील, "आलो, आलो!" म्हणत अनवाणी थेट उंबरठ्यापर्यंत! मी तेवढा जागचा हललो नाही.

मग मुलाच्या आईने कपाळावर हात मारला. "घरी हाका मारून माजा घसा बसतोय, तवा ऐकू येत न्हाय. आन् हितं परक्या बाईच्या हाकेला पळालात व्हय?" आणि ती जी हसत सुटली, ती थांबेना. गौरक्का हसल्या, शांता हसली, शेवटी अप्पाही गोमूत्र शिंपडता शिंपडता हसले. "असल्या हसऱ्या घरचीच सून पायजे मला," म्हणत तिने शांताच्या हातावर साखर ठेवली.

मी सुटलो म्हणून अंगणात आलो, तर बायको कमरेवर हात ठेवून उभी. "कोंबड्याला धरा म्हणून तुमाला हाक मारली हुती! तुमी का न्हाय उठलात?"

"मला वाटलं, त्याला मारलीस."

खोली राहिली, पण अप्पांनी अट घातली: "एका अंगणात दोन अहो चालणार न्हाईत. एकाची हाक बदला." बायकोने आम्हा दोघांकडे नीट बघितलं. म्हणाली, "त्यो आता नवं शिकायचा न्हाय."

तेव्हापासून आमच्याकडे "अहो" ऐकू आलं की कोंबडा खुराड्यात जातो आणि "ती-ती-ती" ऐकू आलं की मी जेवायला उठतो.