घोंगडं खुंटीवरच राहिलं

काकूचा फोन आला तेव्हा मी सांगलीत आप्पांच्या पुढच्या आठवड्याच्या गोळ्या घेत होतो. "सावकाश ये रं. आता घाई न्हाई," एवढंच बोलली. तरी मी गाडी पळवतच कडेगाव गाठलं. त्याला आता पाच आठवडे झाले.

आप्पा माझे चुलते. फौजेतून सुभेदार होऊन आले, ऊस लावला आणि माझ्या नकलांचं पहिलं गिऱ्हाईक झाले. सरपंच, पोस्टमन, आमची म्हैस... सगळ्यांचे आवाज मी त्यांना काढून दाखवायचो. स्वतःची नक्कल ऐकली की म्हणायचे, "मी एवढा वरडतो व्हय रं?" आणि हे पण ओरडूनच. कॅन्सर हाडात उतरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता रोगाच्या मागं लागण्यापेक्षा दुखणं आवरू, सिस्टर घरी येत जातील. भावकीनं याचा एकच अर्थ काढला: डॉक्टरनं हात वर केले. खोटं कशाला बोलू, मी पण तोच काढला. त्यात गोळी मॉर्फिनची. ती माणसाला झोपवते ते कायमचंच, हे अख्ख्या गल्लीला पाठ होतं.

काकूनं पहिली गोळी दिली त्याच दुपारी आप्पा झोपले. कितीतरी दिवस डोळ्याला डोळा नव्हता, त्यामुळं हाक मारली तरी हलेनात. झालं! थोरला चुलतभाऊ म्हणाला, "खाली घ्या, कॉटवर जीव जायला नगं." आमच्यात माणूस जाताना जमिनीवर घेतात. चौघांनी उचलून घोंगड्यावर ठेवलं, काकूनं तोंडात पाणी सोडलं, बायकांनी सूर लावला... आणि आप्पांना ठसका लागला. डोळे उघडून सगळ्या गर्दीवर नजर फिरवली. "मला खाली कुनी घातलं? आन् ह्यो पिंट्या रडतोय का नक्कल करतोय?"

हसलो मी एकटाच. काकू पांढरीफटक पडली होती.

दुसऱ्या दिवशी गोळ्यांची डबी गायब. संध्याकाळपर्यंत दुखणं असं उसळलं की आप्पांनी उशी दातात धरली. काकू म्हणे, मला काय म्हाईत! सिस्टरचा फोन लागेना. शेवटी मी गोठ्यात जाऊन सिस्टरच्या आवाजात काकूला फोन लावला. ती नाव न बघताच उचलते. "मावशी, पेशंटची गोळी चुकली का हो?"

काकू हळूच म्हणाली, "बाई, गोळ्या ज्वारीच्या डब्यात हायत. मीच दडवल्या. काल त्यांस्नी खाली घ्यायला लागलं ते माज्या हातच्या गोळीनं. माज्या हातनं नवऱ्याला मारू व्हय?"

सिस्टरचा आवाज तिथंच सुटला. माझाच आवाज बाहेर आला. "काकू, मी हाय... पिंट्या. सिस्टर म्हणाल्या होत्या, पहिले दोन दिवस लय झोप येईल, घाबरू नका. मला सांगून गेल्या होत्या गं. मी त्यांची नक्कल करत बसलो, निरोप द्यायचाच ऱ्हायला."

फोन कट. पळत आत आलो तर काकू उशाशी बसलेली, पदराला ज्वारीची धूळ, तळहातावर गोळी. "आता तुज्या आवाजात सांग. दिऊ?" मी म्हटलं, "दे." तिनं दिली. मग आम्ही दोघं त्यांची छाती वर-खाली होताना मोजत बसलो... तासाभरानं आप्पांनी चहा मागितला.

त्यानंतर नऊ आठवडे मिळाले. अंगणात खुर्ची टाकून त्यांनी माझ्याकडून म्हशीचा आवाज सुधारून घेतला.

आप्पा गेले त्या दिवशी मी पोचलो तर चुलतभाऊ घोंगडं घेऊन उभा आणि काकू कॉटची कड धरून. "न्हाई. एकदा उतरवलं तेवढं बास. हायती तितंच ऱ्हाऊ द्यात." घोंगडं परत खुंटीवर गेलं. अजून तिथंच आहे.

गोळीची वेळ झाली की काकू अजून घड्याळाकडं बघते. काल म्हणाली, "त्यांचा आवाज काढ की रं." मी खुंटीकडं बघून ओरडलो, "मला खाली कुनी घातलं?"

काकू तांदूळ निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "आवं, कुनी न्हाई घातलं. झोपा."