दुसऱ्यांदा आलेली जीप

मला लोकांचा हेवा पटकन वाटतो. शेजारणीच्या कुंडीतली जास्वंद फुलली तरी माझ्या पोटात दुखतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावरून मला चिडवलंही जातं. पण हरसूलवालीचा जेवढा हेवा मी केला, तेवढा आयुष्यात कुणाचा केला नाही. आणि त्यापायी एका तिसऱ्याच बाईच्या जिवाशी खेळ झाला असता. म्हणून हे लिहायला बसले आहे.

नाशिकमधल्या एका संशोधन प्रकल्पात मी सुपरवायझर होते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एका विषाणूच्या संसर्गातून होतो. तो संसर्ग वेळेवर सापडला तर कॅन्सर व्हायच्या आधीच त्याला अडवता येतं. शहरातल्या बाईला निदान दवाखाना जवळ असतो; त्र्यंबकच्या पलीकडच्या डोंगरातल्या बाईपर्यंत ही तपासणी कशी पोचवायची, हा आमच्या अभ्यासाचा विषय. आम्ही पाड्यापाड्यावर जीप घेऊन जायचो आणि बायकांना एकेक मऊ ब्रश द्यायचो. बाईने आडोशाला जाऊन स्वतःच नमुना घ्यायचा आणि नळीत घालून आम्हाला परत आणून द्यायचा. नळ्या नाशिकच्या प्रयोगशाळेत जायच्या. जिच्या नमुन्यात विषाणू निघेल तिला पुढच्या तपासणीला बोलवायचं. डॉक्टरांना डाग दिसला तर तेवढा भाग तिथल्या तिथे उष्णतेने जाळून टाकायचे. काही मिनिटांचं काम, बाई आपल्या पायांनी घरी जायची.

अवघड होतं ते बोलावणं. ज्या बाईचं काही दुखत नाही, जी सकाळपासून भात झोडते आहे, तिला सांगायचं की तुझ्यात काहीतरी सापडलंय, दवाखान्यात ये. बायका मान डोलवायच्या आणि यायच्या नाहीत. माझ्या हाताखाली चौघी होत्या. तिघींच्या याद्यांत गैरहजेऱ्यांची रांग असायची. चौथीच्या यादीतली एकूण एक बाई यायची. ही चौथी म्हणजे हरसूलवाली.

ती बारावी झालेली होती. आधी गावात आशा म्हणून काम केलेलं, वय तिशीचं, पायांत रबरी चपला, पर्समध्ये कायम भाजलेले शेंगदाणे. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली, इंग्रजीतला सगळा प्रोटोकॉल मला तोंडपाठ, पंधरा वर्षांचा अनुभव. आणि दर सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम तिचा तक्ता समोर धरून सगळ्यांदेखत म्हणायच्या, "बघा, हिच्याकडून शिका जरा." 'सगळ्यांदेखत'मध्ये मीही आले. मी हसायचे. हसून हसून माझे गाल दुखायचे.

तिच्या फॉर्मवर 'भेटीचं ठिकाण' या रकान्यात नेहमी एकच शब्द असायचा: बाजार. प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की पॉझिटिव्ह बाईला घरी जाऊन, खासगीत सांगावं. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घरी नाय जमत मॅडम. बाजारात बरं पडतं." एवढंच. आणि आठवडे बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ही बया सुकट-बोंबलाची पिशवी घेऊन जीपमध्ये चढायची. उतरल्यावरही तिचा वास मागे राहायचा, थेट नाशिकपर्यंत. मला वाटायचं, ही कामाच्या नावाखाली घरचा बाजार उरकते आणि वर कौतुकही घेते. शेवटी मी डॉक्टर मॅडमकडे तक्रार केली. त्या कागदावरून मान न उचलता म्हणाल्या, "बायका येतात ना? मग घेऊ दे तिला बोंबील." त्या दिवशी मी घरी गेल्यावर भाजी करपवली आणि खापर गॅसच्या शेगडीवर फोडलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या नमुन्यांत एक पॉझिटिव्ह निघाला. पस्तिशीची बाई, घरात नवरा, सासू, दोन मुली. यादी हरसूलवालीची होती, पण ती भाचीच्या लग्नासाठी रजेवर गेली होती. भात झोडून होत आलं होतं. ते झालं की सगळं कुटुंब द्राक्षबागांच्या कामाला निघणार, आणि मग होळीपर्यंत ती बाई आमच्या हाती लागणार नव्हती. थांबून चालणार नाही, असं मी ऑफिसात सांगितलं. कारण खरंच होतं. पण खरं सांगायचं तर मला ही एक बाई स्वतः आणून दाखवायची होती.

मी जीप काढायला लावली आणि थेट तिच्या दारात नेली. सासूने तांब्याभर पाणी दिलं. मी अगदी नियमाप्रमाणे वागले. सगळ्यांसमोर एक अक्षर काढलं नाही. सुनेला घरामागे वेगळं घेऊन गेले, हळू आवाजात समजावलं: हा कॅन्सर नाही, होऊ नये म्हणून उपचार आहे, परवा सकाळी गाडी पाठवते. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत ऐकत होती. "मला तर काय होत नाय," ती म्हणाली. मी पुन्हा समजावलं. ती "येते" म्हणाली. आम्ही पुढे आलो तेव्हा जीपभोवती पोरं जमली होती, आणि समोरच्या तीन दारांत तीन बायका उभ्या होत्या. मी त्यांना हसून नमस्कार केला. परतताना मी घाटभर गाणं गुणगुणत होते, असं ड्रायव्हरने नंतर मला सांगितलं.

ठरल्या दिवशी गाडी रिकामी आली.

दुसऱ्या दिवशी हरसूलवाली कामावर रुजू झाली आणि सरळ माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातावरची मेंदी अजून गडद होती. "मॅडम, तुम्ही जीप घेऊन गेलता तिच्याकडं?"

मी म्हटलं, "हो. नियमाप्रमाणेच गेले. कुणाला काही सांगितलं नाही."

"सांगावं नाय लागत. जीप पहिल्यांदा येती ती सगळ्यांची. दुसऱ्यांदा ज्या दारात थांबती, त्या दारात रोग हाय, हे पोराला पण कळतं."

मग तिने गावाकडून कळलेलं बाकीचं सांगितलं. पाड्यावर त्याच संध्याकाळी बोभाटा झाला होता. सासूने सुनेला चुलीपाशी यायची बंदी केली होती. कुणी म्हणत होतं घाणेरडा रोग आहे, कुणी म्हणत होतं बाईच तसली. नवरा तिला माहेरी पोचवायच्या गोष्टी करत होता. आणि बाई म्हणत होती, मला काही झालेलं नाही, त्या नाशिकच्या बाईने उगाच नाव घेतलं, मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. आता ती गेली तर रोग असल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं.

बाजाराचा अर्थ मला तेव्हा कळला. बाजारात सगळ्याच बायका येतात. सुकटवालीपुढे दोन बायका खाली बसून कुजबुजल्या तर त्या भावच करत असतात. तिथून आरोग्य केंद्र हाकेच्या अंतरावर. बाई आत जाऊन येते आणि घरी जाताना हातात पिशवी असते. बोंबील घेणं हे कामच होतं. हे तिने मला कधी समजावून सांगितलं नव्हतं, आणि मीही नीट विचारलं नव्हतं; मी फक्त झाडाझडती घेतली होती.

"तू आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही कुठं आमचं ऐकता," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी सहज. ते सहज बोलणंच जास्त लागलं.

मी डॉक्टर मॅडमकडे जाऊन सगळं सांगितलं. प्रोटोकॉल मोडला की भरायचा एक फॉर्म असतो. इथे प्रोटोकॉल पाळून घात झाला होता, तरी मी तो भरला. त्यांनी विचारलं, आता काय? मी हरसूलवालीला आत बोलावलं. ती म्हणाली, "जीप सगळ्या दारांत थांबवायची. जसं तिला मागं नेलं, तसं सगळ्यांना न्यायचं."

आतापर्यंत ज्यांचा रिपोर्ट चांगला आला त्यांना आम्ही काहीच कळवत नव्हतो. काही कळलं नाही तर ठीक समजा, असं पहिल्याच दिवशी सांगून मोकळे व्हायचो. म्हणजे भीती वाटावी अशी व्यवस्था आम्हीच करून ठेवली होती. प्रत्येकीला तिचा रिपोर्ट तिच्या एकटीच्या कानात सांगायचा: कल्पना इतकी साधी होती की ती मला न सुचल्याबद्दल मला रडू यायला लागलं. लाज वाटत होती, त्या बाईची काळजी वाटत होती, आणि या सगळ्यात, देवाशपथ, हेवाही वाटत होता. डॉक्टर मॅडम तिच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, तसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"पण सांगायचं मॅडमनीच," हरसूलवाली माझ्याकडे बोट करून म्हणाली. "आधी त्याच गेल्यात. मी सांगितलं तर वेगळं दिसंल."

तो दिवस मी विसरणार नाही. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत जीप दारोदार थांबत होती. दोन पावलांवरचं घर असलं तरी इंजिन सुरू करायचं, पुढे न्यायची, बंद करायची. मी एकेकीला घरामागे न्यायचे, हळू आवाजात सांगायचे: तुमचा रिपोर्ट चांगला आहे, पण तो तुमचा आहे, कुणाला सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. बायका आधी घाबरायच्या, मग तोंडाला पदर लावून हसायच्या. "एवढंच? मग मागं कशाला नेलं, बाई?" एकीने विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांना नेते आहे. घसा बसला, साडीला कुसळं लागली, एका घरामागे कोंबड्या अंगावर आल्या. हरसूलवाली जीपपाशी उभी राहून शेंगदाणे वाटत होती. एकदाही पुढे आली नाही.

शेवटी त्या घरापाशी आलो. ओट्यावर सासू बसली होती, सून आत. मी सुनेचं नाव घेतलं नाही. तपासणी साठीपर्यंतच्या बायकांची होती; सासूही त्यात बसत होती, तिचाही नमुना आमच्याकडे होता. मी म्हटलं, "मावशी, जरा मागे येता?"

तिचा चेहरा उतरला. उठताना तिने खांब धरला. मागे आल्यावर तिने माझं मनगट घट्ट पकडलं. "मला काय निघालं? खरं सांगा बाई."

"काही नाही निघालं. तुमचं चांगलं आहे."

तिने मोठ्याने श्वास सोडला. मग विचारलं, "अन् सुनंचं?"

"ते मी फक्त तिला सांगते. तुमचं जसं फक्त तुम्हाला सांगितलं."

माझं मनगट तिने लगेच सोडलं नाही. मग पुढे जाऊन तिने सुनेला हाक मारली आणि म्हणाली, "जा, तुला बोलवत्यात. सगळ्यांनाच बोलवत्यात."

त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी आणि हरसूलवाली सुकटवालीपाशी उभ्या होतो. द्राक्षांवर जाणाऱ्यांच्या गाड्या दुसऱ्या दिवशी निघणार होत्या. दुपार टळत आली. मी सारखी घड्याळ बघत होते. मग सासू-सुना दोघी गर्दीतून आल्या. सासूने आमच्याकडे बघितलंही नाही. ती खाली बसली, बोंबील निवडायला लागली आणि सुनेला म्हणाली, "मला वेळ लागंल. तू ये जाऊन."

आरोग्य केंद्रात डॉक्टरांना डाग दिसला. तो तेव्हाच जाळला. पडद्याआड मी आणि हरसूलवाली दोघी तिच्या उशाशी होतो. बाईने हात वर केला आणि हरसूलवालीचा हात धरला. माझा हात दोन वितींवर होता. मी तो हळूच मागे घेतला.

बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं की सगळं नीट झालं, आता वर्षाने एकदा तपासून बघायचं. तिने पदर सारखा केला. पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"ही आली तर येईन," ती हरसूलवालीकडे मान करून म्हणाली. "तुम्ही नका येऊ."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

वर्ष उलटलं. तिच्या फेरतपासणीच्या दिवशी मी नाशिकला ऑफिसात बसून होते. जेवणाचा डबा उघडला, बंद केला. दुपारी हरसूलवालीचा फोन आला. मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, साफ हाय. काय नाय राहिलं."

मी खुर्चीत मागे टेकले. डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी मनात आलं, ही बातमी तिला आधी कळली, मला नंतर. माझा स्वभाव.

"तिला सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं ना. लय हसली."

"कशी हसली?"

पलीकडे ती थोडी गोंधळली. "कशी म्हणजे? हसली, मॅडम. बाई हसती तशी."

मी फोन ठेवला. घाबरलेली, मान खाली घातलेली, पलंगावर डोळे मिटून पडलेली, अशी ती बाई मी पाहिली आहे. हसताना पाहिलेली नाही, आणि आता कधी पाहणारही नाही.