वज्रबाहूची उडी

चिकपेटेतल्या त्या थेटराच्या दारावर गुंडू उभा असला की रांग सरळ राहायची. कुणी मध्ये घुसलाच, तर गुंडू आधी कानाखाली वाजवायचा आणि मग तिकीट विचारायचा. चिकोडीकडचा हा पैलवान एका पायाने लंगडत होता, पण हात अजून पहिल्यासारखाच जड होता. पाय कशाने गेला, ते मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आखाडा सुटल्यावर तो मद्रासला गेला आणि तिथल्या स्टुडिओत हिरोच्या वाट्याचा मार खाऊ लागला. ‘वज्रबाहू’ नावाच्या चित्रपटात, मनगटात विजेचं बळ असलेला नायक किल्ल्याच्या तटावरून शत्रूच्या सैन्यावर झेप घेतो. चेहरा हिरोचा होता, झेप गुंडूची. उडी टाकण्याआधी त्याने सवयीने मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला. कुस्तीला उतरणाऱ्याचा हात तसा आपोआपच जातो, त्याला गुंडू तरी काय करणार! दिग्दर्शकाने आईबहिणीवरून शिव्या दिल्या, पण खालचं जाळं फाटून गुंडूच्या खुब्याचा चुरा झाला होता, पुन्हा उडी घेणार कोण? म्हणून शड्डू तसाच राहिला. गुंडूचं नाव पडद्यावर आलं नाही, कारण असल्या माणसांची नावं तेव्हा कुणी लिहीतच नसे.

स्टुडिओ सुटल्यावर गुंडू या थेटराच्या दारावर कामाला लागला. त्रेसष्ट साली चित्रपट याच थेटरात लागला आणि लोकांना वेड लागलं. तिकिटाच्या खिडकीपाशी डोकी फुटली, पोलिसांनी लाठ्या घातल्या, एकाचा दात पायरीवरच पडलेला सापडला. हिरोच्या चित्रापुढे नारळांचा खच पडला. झेपेचा क्षण आला की अख्खं थेटर वज्रबाहूबरोबर मांडीवर थाप मारायचं. गुंडू दाराच्या पडद्याआड उभा राहून ती ऐकायचा. मोडलेल्या हाडाचा मोबदला त्याला तिथे मिळत होता, आणि तो त्याला पुरत होता.

मग शहरातल्याच बसवनगुडी भागात राहणाऱ्या उमाकांत नावाच्या पुण्याकडच्या एका इंजिनियराने इंग्रजी साप्ताहिकात परीक्षण लिहिलं. थेटराचा मॅनेजर दामोदर याने ते दारातच मराठीत सांगितलं, ‘ही गाजलेली झेप म्हणजे तटावरून फेकलेला पेंढ्याचा बाहुला आहे.’ गुंडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी देवाप्पा उभा होता, कापडाचे गठ्ठे वाहणारा, वज्रबाहूच्या भक्तांचा म्होरक्या.

“आमच्या देवाला बाहुला म्हणतोय?” देवाप्पा ओरडला. “चला बसवनगुडीला. लिहिणारा हातच मोडूया त्याचा!”

लंगडा गुंडू सगळ्यांच्या पुढे होता. उमाकांत फाटक उघडायला आला आणि गुंडूने त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं. चष्मा खाली पडला, कुणाच्या तरी पायाखाली चुरडला. नाकातून रक्त आलं.

“बाहुला म्हणतोस होय रे? मी टाकलोय ती उडी! माझा खुबा मोडलाय तिथं!”

मागचा गलका एकदम थांबला.

“काय म्हणालास, अण्णा?” देवाप्पाने विचारलं. “परत म्हण.”

“मीच की रे तो! हे बघ.” गुंडूने उमाकांतला सोडलं आणि चांगल्या पायाच्या मांडीवर शड्डू ठोकला, अगदी पडद्यावरचाच.

आता तरी हे आपल्याला खांद्यावर घेतील, असं त्या भाबड्याला वाटलं. पण परीक्षणाने फक्त उडी खोटी ठरवली होती, गुंडूने त्यांचा देवच खोटा ठरवला होता.

“वज्रबाहूची नक्कल करतोस?” देवाप्पाने सायकलची साखळी काढली. पहिला फटका तोंडावर बसला. गुंडूने दोघांना उचलून आपटलं, एकाचं मनगट पिरगाळून मोडलं, पण लंगडा पाय घसरला आणि तो पडला. मग त्यांनी फाटकाजवळचा दगड उचलला आणि थाप मारली होती त्याच मांडीवर घातला. हाड मोडल्याचा आवाज उमाकांतने ऐकला. ‘वज्रबाहू की जय’ करत ती टोळी निघून गेली. टांगा बोलावून गुंडूला दवाखान्यात नेलं ते उमाकांतनेच.

पुढे चित्रपट चालूच राहिला. गुंडूही दारावर परतला, पण आता स्टुलावर बसून, कुबड्या घेऊन. रांगेत कुणीही घुसू लागलं.

एक दिवस खेळ चालू असताना उमाकांत आला. डोळ्यांवर नवा चष्मा होता.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “बाहुला मांडीवर थाप मारत नाही, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही. तुमचं पूर्ण नाव सांगा. मी छापतो.”

हे कुणीतरी विचारावं, एवढंच तर गुंडूला हवं होतं! त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात समोरच्या पानपट्टीवर देवाप्पा दिसला, तंबाखूत चुना मळत त्याच्याकडेच बघत होता. तटावरून खाली बघताना न भ्यालेला माणूस आता भ्याला, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

“बाहुलाच होता तो, साहेब,” गुंडू मोठ्याने म्हणाला, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “पेंढ्याचा. तुम्ही बरोबर लिहिलासा.”

आत झेप आली. शेकडो मांड्यांवर एकदम थाप पडली. गुंडूचाही हात वर गेला होता. तो त्याने कुबडीवर ठेवला.